चित्रापुढचं पान

मित्रांनो, मी एक जुनं गाईड आहे. माझी शिवण उसवली आहे, कोपरे दुमडले आहेत; पण मान खाली आहे ती त्यामुळे नव्हे.

मला लिहिणारे गृहस्थ वाईट नव्हते, घाईत होते. छापखान्याचा माणूस दारात बसून होता. पाठ्यपुस्तकात एक विनोदी प्रेमकथा होती. पाव विकणारी एक बाई घड्याळजीकडे घड्याळ दुरुस्तीला आणते. ती पुन्हा यावी म्हणून तो दर वेळी एक स्क्रू मुद्दाम सैल ठेवतो. तिथं मजकूर थांबतो आणि पानभर चित्र येतं. चित्र आलं म्हणजे गोष्ट संपली, असं त्यांना वाटलं. त्यांनी माझ्या पोटात लिहिलं, 'आशय : फसवणुकीचे दुष्परिणाम. प्रतीक : घड्याळ म्हणजे निसटता काळ. उपरोध : आढळत नाही.'

चित्रापुढच्या पानावर घड्याळजीला त्याचं मन खातं. तो सगळे स्क्रू घट्ट आवळतो आणि आता ती कशाला येते, म्हणून रडवेला होतो. चौथ्या दिवशी ती हजर. घड्याळ बंद, आणि तिच्या पिशवीतून स्क्रूड्रायव्हर खाली पडतो.

हे मला ठाऊकच नव्हतं. तरी अकरा वर्षं मी मिरवलो. भाषेच्या बाईंनी मला खाकी कव्हर घातलं. हे आहे म्हणून माझं निभतं, असं त्या सगळ्यांना सांगायच्या. मी फुगून जायचो.

मग एका वर्षी खिडकीजवळच्या बाकावरची एक मुलगी ती गोष्ट वाचताना एकटीच खुदकन हसली. चाचणीत तिनं लिहिलं, 'घड्याळ हे भेटण्याचं निमित्त आहे. दोघंही फसवतात आणि कुणीच फसत नाही, हाच उपरोध.' बाईंनी ते माझ्याशी ताडून पाहिलं आणि त्यावर लाल रेघ ओढली.

ती पेपर घेऊन टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "बाई, चित्रापुढचं पान वाचलंत का?"

मागून कुणीतरी म्हणालं, "आली मोठी पंडितीण." वर्ग हसला. बाईंनी माझ्यावर हात ठेवला. "इतकी वर्षं शिकवतेय मी. आता तू शिकवणार मला?"

त्या हाताखाली मी गप्प पडून राहिलो. ते पाप माझंच.

वार्षिक परीक्षेत तिनं माझी ओळन् ओळ उतरवली. उपरोध आढळत नाही, हेसुद्धा. पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्यानंतर ती वाचताना हसलेली मी पाहिली नाही.

वर्ष सरलं. मुलांनी परत केलेल्या पुस्तकांची फाटकी पानं तपासताना बाईंच्या हातून ते चित्र उलटलं. त्या वाचू लागल्या आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की शेजारच्या चित्रकलेच्या सरांनी मान वर केली. मग त्यांचा चेहरा पडला. निकाल न्यायला आलेल्या त्या मुलीला त्यांनी थांबवलं.

"तुझंच बरोबर होतं, बाळा. माझं चुकलं."

मुलगी खाली बघत म्हणाली, "असू द्या, बाई. आता तसंच पाठ झालंय."

मित्रांनो, अवघड शब्दांचे अर्थ खुशाल माझ्याकडून घ्या. पण गोष्ट तुम्ही स्वतः वाचा, हसू आलं तर हसा, आणि माझं उत्तर चुकलेलं दिसलं तर निःसंकोच खोडा. निमूटपणे खोडून घेणं, एवढंच प्रायश्चित्त माझ्या हाती उरलं आहे.