काकूंनी आवरलेलं शेत

साहेब पाहणीला येणार म्हणून काकूंनी शेत आवरलं आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

शेजारच्या या काकूंना साधा पाहुणा यायचा म्हटलं तरी अंगण दोनदा झाडायची सवय. इथं तर सरकार यायचं होतं. वादळानं त्यांचा सगळा मका चिखलात लोळवला. साहेब उगवायला अठरा दिवस लागले. तोवर काका-काकूंनी आडवा मका कापला, पेंढ्या बांधल्या आणि बांधावर गंजी रचली. शेतात काडी ठेवली नाही.

माझं शेत बांधाला लागूनच, माझाही मका आडवा. मी कशालाच हात लावला नव्हता. गाव मला 'निवांत' म्हणतं ते उगीच नाही.

साहेब बूट सांभाळत आले. माझं शेत बघून खूश झाले. "वा, शंभर टक्के नुकसान." असं कौतुक माझं शाळेतसुद्धा कुणी केलं नव्हतं. मग ते काकूंच्या शेतात शिरले.

"नुकसान कुठंय?"

"ते काय, गंजीत," काका म्हणाले.

"गंजीचा फोटो चालत नाही. पीक पडलेलं दिसायला पाहिजे. ही तर कापणी झाली."

"कणसं कुजली होती साहेब. तुम्ही येणार म्हणून आवरलं," काकू म्हणाल्या.

"कुणी सांगितलं होतं आवरायला?"

साहेबांनी 'नुकसान नाही' असं लिहिलं, काकूंच्या हातचा चहा घेतला आणि गेले.

दुबार पेरणीचं बियाणं नुकसानीच्या सरकारी मदतीतूनच यायचं होतं. नाहीतर गाभण गाय बाजारात न्यावी लागणार होती. ती वासरू असताना काकूंनी बाटलीनं दूध पाजून जगवलेली. मला बसल्या जागी मदत आणि त्यांची गाय जाणार, हे माझ्या घशाखाली उतरेना. मी आळशी आहे, निगरगट्ट नाही. काकांना घेऊन कचेरीत चार खेपा घातल्या, तेव्हा कुठं फेरपाहणी मंजूर झाली.

आदल्या दिवशी आम्ही पेंढ्या सोडून मका परत शेतात न्यायला लागलो. खरं नुकसान पटवायला खोटं वादळ आणायची पाळी आली. संध्याकाळी बघतो तर काकूंनी मक्याची ताटं ओळीनं मांडलेली, बुडखे एकीकडे, शेंडे एकीकडे.

"काकू, हे वादळ आहे का कवायत?"

"मला वाकडंतिकडं टाकता येत नाही रे बाबा. हातच वळत नाही."

शेवटी मी माझ्या तीन म्हशी आणून शेतात सोडल्या. तासाभरात त्यांनी अस्सल वादळ करून दिलं. काकू तिकडं पाठ करून बसल्या होत्या. त्यांना ते बघवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी भराभर फोटो काढले. "हे असं पाहिजे. मागच्या वेळी उगीच लपवलंत."

मदत आली, गाय गोठ्यात राहिली.

यंदा पुन्हा वादळ झालं. सकाळीच काकू विळा घेऊन निघाल्या, तर काकांनी तो काढून घेतला. "साहेब येईपर्यंत कशाला हात लावायचा नाही."

आज तेरावा दिवस. समोर मका कुजतोय आणि दोघं माझ्या बाजेवर हातावर हात ठेवून बसलेत. काकांना जमायला लागलंय. काकूंना अजून शिकवतोय.