आतून उघडायची खिट्टी

खिट्टीचं पितळी टोक एका बाजूने झिजलं होतं. फार नाही, नखाने चाचपलं तरच कळावं इतकं... आणि केशव ते नखाने चाचपत बसला होता. समोरचा चहा निवत चाललेला, आणि कपाखाली कलकत्त्याहून आलेलं टाइप केलेलं पत्र, वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेलं. दुकानाच्या दारातून माघाचं ऊन लेथच्या पायापर्यंत आलं होतं. जिनिंगवाल्यांचा तुटलेला दांडा कालपासून पडून होता, त्यांचा माणूस येऊन ओरडणार होता, आणि आपण मात्र पोराने खेळणं धरावं तशी ही खिट्टी धरून बसलोय, असं त्याच्या मनात येत होतं. पण हात काही थांबत नव्हता.

पेटंट मिळालं असतं तर आज स्टेशनरोडवर पेढे वाटले असते. नाकारलं असतं तर दुकानाच्या फळ्या न काढता आत पडून राहिलो असतो, तोंड लपवून. यातलं काहीच झालं नव्हतं. पेटंट ऑफिसातल्या परीक्षकाने अर्ज तपासून दोन हरकती घेतल्या होत्या आणि त्यांचं उत्तर मागितलं होतं, बस. म्हणजे वाईटच वाटायला हवं होतं. आणि मला तर हलकं वाटतंय... दसऱ्यापासून छातीवर कुणीतरी बसलं होतं, ते काल संध्याकाळी पोस्टमन गेल्यावर उठून गेलं. हे कुणाला सांगायचं? सांगितलं तर वेड्यात काढतील.

खिट्टी तशी साधी. बसचं दार लोटलं की स्प्रिंगच्या जोराने टोक चौकटीतल्या खाचेत बसतं, खट्. मग ते हाताने निघत नाही, धक्क्याने निघत नाही. ड्रायव्हरने आपल्या जागेवरून तोटी फिरवली की इंजिनाची हवा ओढायची जी ताकद असते ती रबरी नळीतून येऊन एक दट्ट्या मागे खेचते आणि टोक खाचेतून सुटतं. मोटारीच्या काचेवरचं पावसाचं पाणी पुसणारी पुसणी याच ताकदीवर हलते, ती पाहूनच केशवला हे सुचलं होतं. पण सुचायला कारण पुसणी नव्हती. कारण विमल होती.

टेंभुर्णीहून, विमलच्या माहेराहून, ते परत येत होते. गावातल्या रामकिसनची प्रवासी मोटार. मोठ्या रस्त्यांवर सरकारी गाड्या होत्या, आडबाजूला त्याची. दार दोरीने बांधलेलं. वळणावर दोरी सुटली, दार धाडकन उघडलं, कुणाची तरी ट्रंक बाहेर गेली, आणि दाराजवळच्या बाकावर बसलेली विमल, मांडीवर तान्ही मुलगी... त्याच्या हाताला पदर लागला. पदर! धरायला दुसरं काही सापडलंच नाही. विमल सावरली, मुलगी रडलीसुद्धा नाही, मोटार थांबवून लोकांनी ट्रंक गोळा केली आणि हसतखिदळत पुढे निघाले. एकटा केशव हसला नाही. ती मुलगी आता शाळेत जाते. पण इतकी वर्षं त्याच्या डोक्यात ते दार उघडंच राहिलं होतं, आणि रोज निजताना घराची कडी लावली की नाही हे तो पुन्हा उठून बघत होता. न उघडणारं दार! अर्जात त्याने ते मोठ्या अभिमानाने लिहिलं होतं — चालकाखेरीज कोणासही कोणत्याही परिस्थितीत उघडता येणार नाही असे दार. उर्दू शाळेतून मॅट्रिक झालेल्या माणसाने डिक्शनरी पुढ्यात घेऊन लिहिलेलं ते इंग्रजी वाक्य त्याला अजूनही आवडत होतं.

पहिली हरकत अशी की हवेच्या जोरावर चालणारी खिट्टी विलायतेत कुणीतरी रेल्वेच्या डब्यांसाठी आधीच केली आहे, तेव्हा तुमच्या हक्काचा दावा फार ऐसपैस आहे, आवळून घ्या. असेल. जगात आपल्याआधी कुणाला काही सुचलं नसेल असं मानायला केशव दूधखुळा नव्हता. दुसरी हरकत मात्र... ती त्याने कपाखालून पत्र न काढताच मनात वाचली. इंजिन बंद असताना आत असलेल्या व्यक्तीने दार कसे उघडावे, याचा वर्णनात उल्लेख नाही. तो करावा.

तो करावा! कोण असेल हा माणूस? सही वाचता येत नव्हती. कलकत्त्याच्या कुठल्याशा खोलीत पंख्याखाली बसून, कागदांच्या ढिगातून केशवने धाडलेला खिट्टीचा नकाशा बाहेर काढून, त्याने बोट नेमकं तिथेच ठेवलं होतं. टेंभुर्णीचा रस्ता त्याने पाहिला नव्हता. खंडेनवमीला रामकिसनच्या अंगणात तो नव्हता. तिथे असलेल्या एवढ्या माणसांतून फक्त एकीने हा प्रश्न विचारला होता, आणि तिच्यावर आपण खेकसलो होतो.

खंडेनवमी... झेंडूच्या माळा घातलेली मोटार अंगणात उभी होती, नवं दार, नवी खिट्टी बसवलेली. पुढच्या चाकापाशी पाटावर सगळी हत्यारं मांडली होती, पान्हे, हातोड्या, पेचकस, इंजिन फिरवायचं हँडल, आणि मोटारीची चावीसुद्धा. सगळ्यांवर हळदकुंकू. त्या दिवशी पूजा झाली की हत्याराला हात लावायचा नाही, यंत्र चालवायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, नमस्कार करून मगच उचलायचं. विमल आतल्या बाकांना कुंकवाची बोटं लावायला चढली होती. आणि लोक जमले होते, रामकिसन सगळ्यांना सांगत होता की बघा, आमच्या केशवरावांची करामत, याचं पेटंट होऊन राह्यलंय... केशवने दार लोटलं. खट्. काय सुंदर आवाज! लोकांनी दार ओढून पाहिलं, हलवून पाहिलं, माना डोलावल्या. मग आरती सुरू झाली.

आरती चालू असताना आतून दारावर थाप पडली. हळू. मग पुन्हा.

इंजिन बंद. चावी पूजेत. ड्रायव्हरच्या जागेमागे लाकडी फळी, खिडक्यांना गज. केशवला सगळं एका क्षणात दिसलं, आणि त्याने टाळ्या वाजवणं थांबवलं नाही. पाटावरचा पेचकस उचलून बिजागऱ्या काढल्या असत्या तर दार निघत होतं. लोक म्हणाले असते, पूजा मोडली. पण खरं सांगायचं तर पूजेचं भय त्याला नव्हतंच. एवढ्या लोकांसमोर न उघडणारं दार पेचकसाने खोलावं लागलं असतं, त्याची लाज होती. म्हणून तो उभा राहिला. एक आरती संपली, दुसरी सुरू झाली. ऊन मोटारीच्या पत्र्यावर आलं होतं. थाप थांबली होती, आणि ती थांबली हे थापेपेक्षा भयंकर होतं.

शेवटी रामकिसनची म्हातारी आई, झुंबरबाई, पाटाशी आली. "सरका रे," ती म्हणाली. "लेकीसारखी हाये ती, आत कोंडून राह्यली अन् तुम्ही टाळ्या पिटून राह्यले. हत्याराची माफी मी मागते." तिने पेचकसाला हात लावून तो कपाळाला टेकवला आणि केशवच्या हातात दिला. कुंकवाने बरबटलेल्या त्या पेचकसाने त्याने बिजागऱ्या काढल्या. विमल घामाने चिंब होऊन उतरली, तोल सावरायला तिने कुणाचाच हात धरला नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "आतून उघडायला कायच न्हाई का ठेवलं?"

"ते कशाला? मग त्याला अर्थ काय राहिला?" केवढ्याने ओरडलो मी. तिने तो विषय पुन्हा काढला नाही. आणि त्या दिवसापासून, अर्ज मंजूर होऊ नये असं मला वाटायला लागलं... माझाच अर्ज! मंजूर झाला की रामकिसन सगळ्या गाड्यांना खिट्टी बसवणार, मग कधीतरी कुठल्यातरी ओढ्यात गाडी बंद पडणार, किंवा इंजिनातून धूर निघणार, आणि आतून थाप पडणार. हे त्याने चार महिने कुणालाही सांगितलं नव्हतं. त्या अनोळखी माणसाने न विचारताच ओळखलं होतं.

रामकिसन दुपारी आला. पान खाल्लेलं, टोपी मागे सरकवलेली. केशवने हरकती सांगितल्या तशी तो मोठ्याने हसला.

"एवढंच ना? लिवून टाका की ड्रायव्हर हाये. पाशिंजराला दाराशी काय करायचं? जल्दी जवाब धाडा, केशवराव. उन्हाळ्यातल्या लग्नसराईच्या आधी मला सगळ्या गाड्यांना पाहिजे."

"आणि ड्रायव्हरच बेशुद्ध पडला तर?"

"तुम्ही बी ना! बराबर वाईट तेवढंच सुचतं तुम्हाला."

"आतून उघडायला मूठ ठेवल्याशिवाय एकाही गाडीला बसवणार नाही मी."

आपण हे बोललो? आवाज वर चढला नव्हता. रामकिसनने पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. "मंग तुमच्या पेटंटात राह्यलं काय?" त्याने विचारलं. चिडून नव्हे, खरंच विचारलं.

काय राहिलं, ते केशवला माहीत नव्हतं. ते वाक्य गेलं होतं, कोणासही कोणत्याही परिस्थितीत... आवळून घेतलेल्या दाव्यात ही मूठ बसेल की नाही, बसली तरी तो परीक्षक मानेल की नाही, सगळंच कठीण होतं. "बघू," तो म्हणाला. रामकिसन "बघा, बिलकुल बघा, पण जल्दी" म्हणत निघून गेला, आणि केशवला एकदम सपाटून भूक लागली.

घर दुकानाच्या मागेच होतं. विमल उंबऱ्याजवळ सुपात ज्वारी पाखडत होती. मुलगी शाळेत. केशव जेवायला बसला नाही. तसाच दारात उभा राहिला, खिट्टी अजून हातातच.

"त्या दिवशी," तो म्हणाला, आणि सूप थांबलं. कुठला दिवस हे तिने विचारलं नाही. "त्या दिवशी आत असताना... उघडायला म्हणून तुझा हात कुठं गेल्ता?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. हा टोमणा आहे की आणखी काही, हे ती बघत असावी. "कामून?"

"कलकत्त्याच्या साहेबानं तेच विचारलंय. तू विचारलं होतंस, तेच."

 विमलच्या ओठांच्या कडेला काहीतरी सैल झालं, आणि केशवला वाटलं की आपण हे चार महिन्यांपूर्वी... जाऊ दे. मूठ खांद्याच्या उंचीवर बसवावी, उभ्या माणसाला सोपी, असं त्याने सकाळपासून मनाशी धरलं होतं. विमलने सूप बाजूला ठेवलं, डोळे मिटले आणि बसल्या जागेवरूनच हात पुढे केला. खाली. उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर.

"इतकं खाली?"

"मी बसले होते. आतल्या पायरीवर. उभं राहवंना." तिने डोळे उघडले नाहीत. "दाराला कान लावून आरती ऐकत होते. म्हटलं, आता संपंल."

आरती ऐकत होती ती. मी टाळ्या वाजवत होतो, ते ऐकत होती... केशवने तिच्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं.  इतक्या खाली मूठ ठेवली तर पोरं चालत्या गाडीत खेळतील तिच्याशी. त्याला पुन्हा ते वळण दिसलं, उघडं दार, पदर. वर झाकण लागेल, आधी झाकण उचलायचं आणि मग मूठ. पण ते विचार करण्यासारखं होतं, भिण्यासारखं नव्हतं.

तो उंबऱ्यावर तिच्या शेजारी बसला, तिच्याइतकाच खाली. खिट्टी जमिनीवर ठेवली. डोळे मिटले. बाहेरून दार लोटलंय, खट्, पत्र्यावर ऊन आहे, बाहेर टाळ्या चालल्या आहेत... त्याने हात पुढे केला. तिथे अजून काही नव्हतं. पण हात बरोबर तिथेच गेला.