खिंडीपलीकडची साठ घरं

मित्रांनो, मी एक जुनी प्रवासवही आहे. पाठ उसवली असली तरी माझी मान अजून ताठ आहे. एके काळी अख्खा डोंगरी मुलूख माझ्या शब्दावर चालत असे!

मी एका फिरत्या चष्मेवाल्याची. त्याच्या खांद्यावर पेटी आणि आतल्या खिशात मी, असे आम्ही सात वर्षं गावोगाव हिंडलो. त्याने मैल कधी मोजले नाहीत. 'ओझं घेऊन अर्धा दिवस', 'इथे जोडे हातात घ्यावेत', असं तो लिही. पुढे माझ्यावरून पुस्तक छापलं गेलं. व्यापारी, टपालवाले त्याच्या भरवशावर वाट धरत. नकाशे काढणारेसुद्धा त्यातच बघत. मी नुसती फुलून जाई.

माझ्या एका पानावर लिहिलं होतं, 'खिंडीपलीकडे वस्ती नाही.' म्हणून नकाशात ती जागा कोरीच राहिली.

चष्मेवाला वारल्यावर मी त्याच्या लेकीकडे आले. ती सुईण होती. एका सकाळी एक माणूस धापा टाकत दारात आला.

"बाई, लवकर चला. बायकोला कळा सुरू झाल्यात. खिंडीपलीकडे."

"तिथे तर कोणीच राहत नाही!"

"मग मी काय आभाळातून पडलो?"

तिने मला पिशवीत टाकलं आणि निघाली. खिंडीपलीकडे नदी होती, पूल नव्हता. पिशवी डोक्यावर घेऊन, काठांना बांधलेल्या दोराला धरून, छातीभर पाण्यातून ती पार झाली. समोर साठ घरं! बाळ-बाळंतीण सुखरूप सुटली. मग एक म्हातारी म्हणाली, "तुझे वडील खिंडीपर्यंत आले होते गं. दाट धुकं होतं. आम्ही हाका मारल्या, पण ते माघारी वळले."

घरी येऊन लेक बराच वेळ लेखणी धरून बसली. वडिलांचं अक्षर खोडायला तिचा हात धजेना. शेवटी तिने शेजारी लिहिलं, 'वडील धुक्यामुळे परतले. पलीकडे साठ घरं आहेत.' मला आधी फार लागलं ते.

पुलासाठी ती कचेरीत गेली, तेव्हा साहेब म्हणाले, "पुस्तकात तर वस्ती नाही."

"पुस्तक माझ्या वडिलांचं. ही मूळ वही, आणि ही दुरुस्ती माझी. खोटं वाटत असेल तर चला माझ्याबरोबर."

साहेब गेले. भिजून आले. दोन वर्षांत पूल झाला.

आता मी वाचनालयाच्या कपाटात असते. मित्रांनो, मला कोरड्या हातांनी उघडा. समासातलं ते गिचमिड अक्षर डाग समजून पुसू नका. माझा खरा मान तोच आहे. आणि तुम्ही कधी प्रवासाचं लिहिलंत, तर आपण कुठून माघारी वळलो तेही लिहा. मागून येणारं कोणीतरी तिथून पुढे जाईल.