तीस दिवस, रविवार धरून

नाकातून म्हण. तिचं नाकातून येतं.

कुंडीतली माती ओली होती.

रविवार धरायचा की नाही, यावरून सातवीच्या वर्गात एकदा हातघाई झाली होती आणि एकीची वेणी सुटली होती.

'आपण संपर्क करू इच्छित असलेला क्रमांक सध्या बंद आहे.'

आई, वडील, आजी, आजोबा, काका, काकू, मामा, मामी, आत्या, मावशी. एवढेच.

शाळेच्या कार्यालयात हजेरीबाईंनी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेदहा. सकाळपासूनचा हा चौथा फोन. समोरच्या पडद्यावर सातवी ब, एकवीस नंबर, तांबड्या पट्टीत बसली होती: 'विनासूचना गैरहजर, दिवस ३०'. बारा वाजता ती पट्टी आपोआप नाहीशी होणार होती, आणि पट्टीबरोबर मुलगीही.

"बारा म्हणजे बाराच का रे?"

"बाराच." पलीकडच्या टेबलावरच्या तरुण कारकुनाने मान वर केली नाही. "बाराला नाव कमी होतं. बारा वाजून एक मिनिटाने यादीतल्या पुढच्या मुलीच्या घरी निरोप जातो. बाहेर चाळीस मुली थांबल्यात, बाई."

शाळेत सगळे त्याला पासवर्ड म्हणत. संगणकाचा पासवर्ड त्याने मोठ्या बाईंनासुद्धा सांगितला नव्हता. 'नियमात नाही' म्हणाला होता, तेही त्यांच्या खुर्चीसमोर उभं राहून.

"त्या मशीनला म्हणावं, दोन दिवस दम धर."

"मशीनला कान नसतात, बाई."

"ते दिसतंच आहे."

काल शाळा सुटल्यावर बाई त्या मुलीच्या घरी जाऊन आल्या होत्या. हे काही त्यांच्या कामात बसत नव्हतं. त्यांचं काम फोन करण्याचं, आलेला फोन लिहून घेण्याचं. पण तीन आठवडे एकच नंबर फिरवून बोट दुखायला लागलं, तेव्हा त्यांनी पायांना कामाला लावलं. दाराला कुलूप होतं. उंबऱ्याशी एक कुंडी होती, आणि कुंडीशेजारी हातात तांब्या घेऊन शेजारीण उभी होती.

"आजी पडली हो पोरीची. मायलेकी तिकडेच आहेत. फोन लागत नाही तिथे, डोंगराच्या पोटात आहे म्हणे घर."

"परत येणार आहेत ना पण?"

"न येऊन सांगतात कुणाला! गादी इथे, भांडी इथे, दप्तर इथे. आणि पोरगी मला बजावून गेलीय, रोज एकच तांब्या घाल, जास्त घातलंस तर मुळं कुजतील. आता मला शिकवते ती. मी म्हटलं, बाई गं, तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून झाडं लावतेय मी."

बाईंनी मातीला बोट लावून पाहिलं होतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सकाळी आल्या आल्या त्यांनी हे सगळं पासवर्डला सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, हे त्यातल्या त्यात विशेष. मग पडद्यावरचा रकाना उघडून तो एकेक नातं वाचून दाखवायला लागला. आईपासून मावशीपर्यंत.

"शेजारीण नाही," तो म्हणाला.

"शेजारीण सख्ख्याहून सख्खी असते कधीकधी."

"असेल. रकान्यात नाही."

"आणि हजेरीबाई?"

"त्या तर नाहीतच." त्याने चष्मा काढून पुसला, परत लावला. "फोन आला तर मी लिहीन. नाही आला तर माझ्या हातात काही नाही. नियम मी केलेला नाही, बाई."

खरं होतं ते. नियम त्याच्या जन्माच्या आधीचा होता.

बाईंच्या खुर्चीशेजारी जुन्या हजेरीपटांची चळत लावलेली होती. आज ते सगळे बांधून माळ्यावर टाकायचे होते. आता कुणाला लागत नव्हते. पूर्वी दहाच्या ठोक्याला व्हरांड्यात उभं राहिलं की चौदा वर्गांतून आकडे ऐकू यायचे, आणि आकड्यांमागून 'हजर' यायचं. कुणाचं झोपेतलं, कुणाचं तोंडात पेन्सिल धरलेलं, कुणाचं अंगावर वसकन आलेलं. नुसत्या आवाजावरून बाईंना कळायचं, कुणाला सर्दी झालीय आणि कुणाचं घरी बिनसलंय. आता दारात एक डबी बसवलीय. पोरं तिला कार्ड टेकवतात, डबी 'टुक' म्हणते. दहा वाजता अख्खी शाळा टुकटुकत आत येते आणि सगळ्यांची सर्दी सारखीच ऐकू येते.

फोन वाजला. बाईंनी झडप घातली. तिसरी अ मधल्या कुणाचे तरी आजोबा होते. नातीचा दात हलत होता, आणि तो पडेपर्यंत शाळेत येणार नाही असं तिने घरी जाहीर केलं होतं.

"बांधा त्याला दोरा," बाई म्हणाल्या, आणि 'दंतविकार' असं लिहायला पासवर्डला सांगितलं.

मग त्यांनी चळतीच्या तळातून हात घालून एक पट ओढला. कुठला ओढायचा ते हाताला ठाऊक होतं. अडतीस वर्षांपूर्वीचा, सातवीचा. पाठ सुटलेली, पानांच्या कडा पिवळ्या, भूमितीच्या सरांचं बारीक सरळ अक्षर. वीस नंबरच्या ओळीत दोन ठिकाणी 'गै' होतं. वीस नंबर म्हणजे त्या स्वतः. तेव्हा गालगुंड झालं होतं. त्याच्या वरची ओळ सलग होती. ह, ह, ह, ह. पहिल्या सत्रात एकही खाडा नाही.

एकोणीस नंबर. तुतारी.

तुतारी म्हणायचे कारण तिचा आवाज नाकातून निघून थेट मैदानापर्यंत जायचा. सत्र सुरू होऊन महिना झाला असेल, तेव्हा एके दिवशी ती मधल्या सुट्टीत वीस नंबरला म्हणाली, आईला मोठ्या दवाखान्यात नेतायत, लांब, मी पण चाललेय.

"कधी येशील?"

"आई बरी झाली की."

"बाबांनी शाळेत कळवलं का?"

तिने खांदे उडवले. तिच्या वडिलांना त्या दिवसांत स्वतःच्या पायात चपला आहेत की नाहीत, याचंही भान नव्हतं.

नियम भिंतीवर लावलेला होता: पालकांनी न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिल्यास पटावरून नाव कमी होईल. मुलींनी सभा घेतली. एकीने डोकं चालवलं: सलग तुटलं की झालं, तिसाव्या दिवसाच्या आत एकदाच कुणीतरी 'हजर' म्हणायचं. सोपं होतं. पण तीस कधी भरतात? रविवार धरायचा की नाही? सहलीचा दिवस? ज्या दिवशी पाण्याच्या टाकीत मांजर पडलं म्हणून शाळा अकरालाच सुटली, तो अर्धा धरायचा की पाव? तिथेच हातघाई झाली. सरांना विचारायची सोय नव्हती. शेवटी असं ठरलं की हिशेबाच्या भानगडीत पडायचंच नाही. रोज म्हणायचं.

पहिल्या दिवशी जबाबदारी शेजारणीवर, वीस नंबरवर आली. मागच्या बाकावरून कुणीतरी कुजबुजलं, नाकातून म्हण, तिचं नाकातून येतं.

"एकोणीस," सर म्हणाले.

"हँजर."

"वीस."

"हजर, सर."

सरांचं पेन थांबलं. खिडकीबाहेरून माळ्याने हाक मारल्यासारखे ते बाहेर बघत राहिले. मग पेन पुढे सरकलं.

त्यानंतर अकरा आठवडे वर्गात एक रिकामी जागा होती आणि तिला रोज नवा आवाज होता. पाळ्या लावल्या होत्या. एकदा पाळी जिची, तिचा घसा बसलेला, आणि एकोणीस नंबर घोगरी निघाली. एकदा दोघींचा पाळीबद्दल गैरसमज झाला आणि कुणीच बोललं नाही. सर 'एकोणीस' म्हणून वाट बघत राहिले, पुन्हा 'एकोणीस' म्हणाले, आणि तिसऱ्यांदा इतक्या जोरात म्हणाले की चौघी एकदम ओरडल्या.

चूक कुणाच्या लक्षात आली नाही. ती चूक सत्राच्या शेवटच्या दिवशी वर्गासमोर येऊन उभी राहिली. पूर्ण हजेरीचं बक्षीस, एक कंपासपेटी, आणि सातवीत ती मिळवणारी एकच मुलगी.

"एकोणीस नंबर," सर कागद बघून म्हणाले.

टाळ्या वाजल्या. मग थांबल्या. रिकाम्या बाकाकडे कुणी बघेना.

सरांनी कंपासपेटी टेबलावर ठेवली, तिचं झाकण उघडून आतला कंपास, कर्कटक, दोन्ही गुण्ये नीट आहेत का पाहिलं आणि झाकण लावलं.

"या कुणीतरी घ्यायला," ते म्हणाले. "रोज येणाऱ्यांपैकीच या."

वीस नंबर उठली. टेबलापर्यंत सात पावलं होती. ती अजून हजेरीबाईंच्या पायांत होती. घरी जाऊन तिने ती पेटी कपाटात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली ठेवली. आईने विचारलं, कुणाची गं? तर ती म्हणाली, मैत्रिणीची, सांभाळायला दिलीय. पेटी न्यायला तुतारी परत येईल का, हे कुणाला विचारावं ते तिला कळत नव्हतं.

हजेरीबाईंनी पट मिटला. पावणेबारा झाले होते. पासवर्ड खाली मान घालून कळा बडवत होता. तांबडी पट्टी जागच्या जागी होती.

"मी जरा समोर जाऊन येते," त्या म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ताच."

फाटकासमोर वह्या-पेनांचं दुकान होतं. दुकानदाराचा फोन काउंटरवर, गोंदाच्या बाटल्यांच्या रांगेशेजारी असायचा. तिथून रस्त्यापलीकडे कार्यालयाची खिडकी सरळ दिसत होती. खिडकीत पासवर्डचा अर्धा चष्मा, आणि त्याच्या पलीकडे बाईंची रिकामी खुर्ची.

"फोन करू का एक?"

"करा की." त्यांनी फिरवलेले आकडे दुकानदाराने पाहिले. "बाई, शाळेत लावताय? हाक मारली तरी ऐकू जाईल हो."

"तुम्ही गोंद विका."

पलीकडे घंटी वाजली. खिडकीतला हात फोनकडे गेला.

"शाळा कार्यालय."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. मग सोडला. नाकातून बोलायचं त्यांच्या मनात आलं होतं, पण इतक्या वर्षांत नाक त्या कामाचं राहिलं नव्हतं.

"सातवी ब. एकवीस नंबर. तिची मावशी बोलतेय."

खिडकीतली मान वर झाली. ती आधी रिकाम्या खुर्चीकडे वळली, मग रस्त्याकडे. उन्हाने काचेवर चकाकी आली होती. चेहरा दिसत नव्हता. घड्याळाची टिकटिक फोनमधून येत होती की दुकानातल्या घड्याळाची होती, बाईंना कळेना. दुकानदाराने गोंदाच्या बाटल्या पुसायचं थांबवलं.

"बोला, मावशी," पासवर्ड म्हणाला.

"आजी पडलीय. त्यामुळे आईबरोबर तिकडे गेलीय ती. तिथे फोन लागत नाही."

"परत कधी येणार?"

"आजीवर आहे ते."

"तसा रकाना नाही, मावशी. तारीख लागते."

"मग घाला पंधरा दिवस."

कळांचा आवाज आला. एक, दोन, चार. मग पुष्कळ वेळ काहीच नाही. मग एकच, जोरात.

"झालं," तो म्हणाला. "पण पुढच्या वेळी वेळेवर कळवत जा. तीस दिवस म्हणजे काय चेष्टा लावलीय?"

"चुकलंच आमचं."

"रविवारसुद्धा धरतात आता."

"धरतात का?" बाई म्हणाल्या. "बरं झालं, कळलं एकदाचं."

त्या रिसीव्हर ठेवणार, तेवढ्यात पुन्हा त्याचा आवाज आला, आता जरा खाली आलेला.

"मावशी, समोरच आहात तर सुतळी घेऊन या. पट बांधायचे राहिलेत."

त्यांनी सुतळीचा गुंडा घेतला. रस्ता ओलांडताना त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही, आणि त्या आत आल्या तेव्हा पासवर्डने पडद्यावरून नजर काढली नाही. दोघांनी मिळून पट बांधले. तो गाठ मारायला बोट धरायचा. अडतीस वर्षांपूर्वीचा पट सगळ्यांत वर ठेवायचा की सगळ्यांत खाली, यावर काही बोलणं झालं नाही. तो टेबलावरच राहिला.

त्या वर्षी दुसऱ्या सत्राच्या चौथ्या दिवशी तुतारी परत आली होती, आणि सरांनी 'एकोणीस' म्हटल्यावर वर्गातून दोन 'हजर' आले.