पाळण्याची कमान

आमच्या जठारपेठेतल्या घरामागे पत्र्याची शेड आहे. तिथं माझे यजमान उद्धवराव लाकूड वाकवत बसतात. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, हे सागवानाच्या पातळ पट्ट्यांच्या नादी लागले. पट्ट्यांना गोंद लावायचा, एकीवर एक ठेवायच्या, साच्यावर वाकवून शिकंज्यांनी आवळायच्या. गोंद वाळला की त्या एकजीव होऊन वाकलेल्याच राहतात. निदान राहायला हव्यात.

या वेळी मात्र राहीनात. लेक देवश्री बाळंतपणाला आलेली, नातीचं बारसं तोंडावर, आणि पाळणा आजोळचाच हवा. अमरावतीला तिच्या फ्लॅटमध्ये छताला कडी नाही, म्हणून जमिनीवर डोलणारा, खाली दोन कमानी असलेला पाळणा ठरला. पण शिकंजे सोडले की कमान उघडायची, पट्ट्या सुटायच्या. बारशाला आलेल्या बायकांना मी काय दाखवणार होते, कपाळ?

अकोल्याचा मे महिना. शेडमध्ये हा माणूस भाजून निघेल म्हणून घरातला कूलर मी स्वतः ओढत नेऊन त्यांच्या पाठीशी लावला होता. तरी काम होईना, तेव्हा मी रोज तोंडसुख घ्यायची. तुम्हाला घाई नडते, म्हणायची. ते ऐकून घ्यायचे आणि नव्या पट्ट्या कापायला लागायचे.

एके दिवशी सकाळी लाइट गेली ती रात्रीपर्यंत आलीच नाही. त्या दिवशी आवळलेली कमान दुसऱ्या दिवशी सोडली, तर जशीच्या तशी. मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं, आणि कूलरची ओली हवा गोंद वाळू देत नव्हती, हे मला आत्ता कळत होतं.

"तुमाले माहीत होतं?" मी विचारलं.

"पयल्याच दिवशी समजलं. दोनदा बंद केला, तू येऊन चालू करून गेली."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू एवढा ओढत आणला माह्यासाठी. कसं सांगू?"

मला राग आला, भयंकर आला. इतकी बोलणी खाल्ली या माणसानं! आणि त्या रागातच डोळे भरून आले. दुसरी कमान आम्ही दोघांनी मिळून आवळली, घामानं न्हाऊन.

बारशाला रीतीप्रमाणे पाळण्यात आधी वरवंटा घातला. दगडाचं ओझं घेऊन पाळणा दोन्ही बाजूंना सारखा डोलला. मग नातीला निजवलं. सगळ्याजणी तिच्याकडे बघत होत्या. मी दाराशी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याकडे बघत होते.