पिकअपवरची गुलाबी गाठ

सहा वर्षं सुषमा कुंकू लावत होती ती नुसत्या आशेवर. नवरा भगवान ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. एका लग्नाची सुपारी आहे म्हणून लिंबायतच्या घरून गेला तो गेलाच. जिवंत आहे की मेला, कुणी सांगेल तर शपथ. शेजारणी म्हणायच्या, पूस आता ते कुंकू. लोकांचं काय जातंय बोलायला!

म्हणूनच गिटार दुरुस्त करणाऱ्या लखनचा निरोप आला, तशी ती मुकादमाला न विचारताच, बॉबिन भरायचं काम टाकून, साड्यांच्या लूमच्या कारखान्यातून निघाली.

लखन भगवानचा जुना दोस्त. त्याच्यापुढं एक बेस उघडून ठेवला होता. "वहिनी, गिटार नवी आहे, पण आवाज पकडणारा हा पिकअप तिचा नाही. पत्र्यावरचा शिक्का बघा, पंचेचाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा जपानी माल. मागाहून बसवलाय. आणि आत हे."

त्यानं टेप सोडवली. आत पोपटी धागा. सुषमानं तो लगेच ओळखला. भगवानच्या गिटारच्या जळक्या पिकअपवर तांब्याची तार तिनंच बॉबिन भरायच्या मशीनवर चढवली होती, वर साडीचा पोपटी धागा गुंडाळून लूमवर तुटका धागा सांधतात तशी बारीक गाठ मारली होती. भगवानला ती गाठ जन्मात जमली नाही. "तूच मार," म्हणायचा.

"हा यात कधी बसवला?"

"तारा जोडलेल्या कथलाचा डाग अजून चकचकीत आहे. वर्षही झालं नसेल. गिऱ्हाईक म्हणतं, कडोदऱ्यात एका वादकानं स्वतःच्या गिटारचा काढून दिला."

"म्हणजे आहेत ते," सुषमा म्हणाली आणि तिला आनंदानं रडूच फुटलं. कडोदरा तर रिक्षानं जाण्यासारखं.

लखन मात्र मान वर करेना. तिनं पिकअप उलटा केला. त्या बाजूचा पोपटी धागा झिजला होता, आणि त्यावर नवाकोरा गुलाबी धागा गुंडाळून गाठ मारली होती. बारीक, घट्ट, शेपटं कातरलेली.

"ही कुणी मारली?"

"वहिनी, गिऱ्हाईक म्हणालं, दोघं होते. बायको बॉबिन भरते त्याची."

सुषमानं गाठ अंगठ्यानं चाचपली. चांगली मारली होती, तिच्याहून चांगली. मेला असता तर चारचौघांत गळा काढून रडता तरी आलं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिला स्वतःचीच भीती वाटली.

घरी सासू, मालतीबाई, दारातच बसून होती. "काही समजनं का व?"

काहीच कळलं नाही म्हणून सांगायचं, असं सुषमानं वाटेत ठरवलं होतं. म्हातारीचं तोंड बघून ते जमेना.

"शे, माय. जित्ता शे. कडोदराले शे." जिवंत आहे, एवढंच सांगून पुढचं तिनं गिळलं.

म्हातारीनं देवापुढं डोकं टेकलं, साखरेचा डबा काढला. "तुनं कुंकू पावनं व माय," म्हणत सुनेच्या तोंडात चिमूट घातली.

सुषमा खाली बसली आणि सासूच्या मांडीत डोकं खुपसून ओक्साबोक्शी रडली. म्हातारी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिला वाटलं, पोर सुखानं रडतेय.