रेघेखालचा डबा

माणूस किती मीठ खातो हे त्याला विचारून कळत नाही. विचारलं की जो तो साधू होतो. ‘आम्ही कमीच खातो हो,’ म्हणतो आणि पापडाचा तुकडा मोडतो. खरं सांगते ती लघवी. खाल्लेलं मीठ बहुतेक सगळं त्याच वाटेने बाहेर पडतं, म्हणून एका अख्ख्या दिवसाची आणि रात्रीची लघवी डब्यात जमवली की हिशेब चोख लागतो. देशाचं मीठ वाढतंय की घटतंय हे ठरवायला याहून पक्की रीत नाही. फक्त ती रीत गावातल्या बाईमाणसांना समजावून सांगायची कुणी, एवढाच प्रश्न उरतो.

सुलेखा साळवेला तो प्रश्न कधी पडला नाही. बाईंचा आवाज असा, की समाजमंदिरात माइक बंद पडला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. पाच वर्षांपूर्वी देशभर मिठाची एक पाहणी झाली होती. आता त्याच गावांत ती दुसऱ्यांदा चालली होती, मधल्या काळात लोकांच्या ताटातलं मीठ कुठवर गेलं ते समजावं म्हणून. करमाडच्या बाजूची गावं सुलेखाच्या वाट्याला आली होती. या वेळी ती नव्यानेच नेमली गेली होती, पण वावर असा की पाहणी जणू तिच्याच माहेरची.

“सकाळची पहिली बारी संडासात,” तिने जमलेल्या बायकांना सांगितलं. “तिथून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत थेंब न् थेंब या डब्यात.”

पदराआड हसू फुटलं. “अन् वावरात गेल्यावर?” द्वारकाबाईंनी विचारलं. गावातल्या बायकांच्या वतीने बोलायचा मान त्यांनी स्वतःच स्वतःला दिलेला होता.

“डबा वावरात न्यायचा.”

“डोक्यावर मिरवीत?”

सुलेखाने शहागंजच्या बाजारातून आणलेल्या गडद निळ्या कापडी पिशव्या बाहेर काढल्या. डबा आत ठेवला की कुणालाही वाटावं, भाकरी चालली. यावर मात्र बायका खुश झाल्या. पिशवी परत द्यायची नाही हे कळल्यावर आणखी खुश झाल्या.

मागे भिंतीला टेकून बसलेली एक बाई तेवढी हसली नव्हती. पंचावन्नच्या आसपासची, डावा हात मांडीवर नुसता ठेवून दिलेला, तोंड एका बाजूला जरासं ओढलेलं. ही केसरबाई.

“मागच्या बारीला बी दिला व्हता मी डबा,” ती म्हणाली. “वतून दिला त्यांनी.”

“कुणी वतून दिला, मावशी?”

“गाडीवाल्यानं. शाळंमागच्या नाल्यात. आमी कपडे धूत व्हतो, समद्यांनी पाह्यलं. लई बायांचे डबे वतले.”

सुलेखाने त्याच संध्याकाळी ऑफिसात चौकशी केली. गोष्ट खरी होती. डब्यावर अर्ध्या लिटरला एक रेघ असते. रेघेच्या खाली भरला तर लघवी पूर्ण जमवलेली नाही, असं समजून तो बाद करतात. नियम तसा शहाणपणाचाच, कारण लोक विसरतात, आळस करतात. पण केसरबाई विसरली नव्हती की आळसावली नव्हती. कापूस वेचायला गेलेल्या बाईला दिवसभर आडोसा मिळत नाही. शेजारच्या वावरात गडीमाणसं असतात. म्हणून बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्यांचे डबे रेघेपर्यंत भरलेच नाहीत, नाल्यात गेले, आणि गावाचं मीठ म्हणून देशाच्या बेरजेत गेलं ते पुरुषांचं. तीन वर्षांनी केसरबाईला लकव्याचा झटका आला. रक्तदाब किती चढला होता हे त्या दिवशी पहिल्यांदा कुणीतरी तपासलं.

सुलेखा दुसऱ्या दिवशी पुन्हा गावात गेली आणि केसरबाईच्या दारात उभी राहून बोलली, “मावशी, तुमचा डबा मोजल्याबिगर या बारीला मी गप बसणार नाय. शब्द आहे माझा.”

वरच्या साहेबांना न विचारता शब्द देऊन टाकायची तिला खोडच होती. पण दिलेला शब्द तिने आजवर मोडलाही नव्हता.

डबे घ्यायच्या दिवशी सकाळी समाजमंदिरात निळ्या पिशव्यांची रांग लागली. पुरुषांचे डबे जसे असायला हवेत तसे होते, कुठे अर्धा, कुठे थोडा वर. सुलेखाने बायकांचा पहिला डबा उघडला आणि तिच्या भुवया वर गेल्या. काठोकाठ. दुसरा, काठोकाठ. तिसऱ्याला तर झाकण लावायला जागा नव्हती. रंग पाहावा तर लिंबाच्या फिकट सरबतासारखा.

“द्वारकाबाई, हे काय आहे?”

द्वारकाबाईंनी पदर सावरला. “भरून आणलं.”

“कशानं भरून आणलं?”

“पाण्यानं. दुसरं कशानं? आमी बसून ठरवलं. मागच्या बारीला अर्धे डबे वतून दिले तुमच्या लोकांनी. अन् तसंबी, लोकाचं भांडं अर्धंमुर्धं माघारी देत्यात व्हय? शेजारणीची वाटी आली तर आपण गुळाचा खडा तरी घालून धाडतो. हे तर सरकारी भांडं.”

सुलेखाने कपाळाला हात लावला. महिनाभराची पायपीट, गावागावातली भाषणं, पिशव्यांची खरेदी, सगळं पाण्यात गेलं होतं, आणि तेही अगदी आदराने. आधी तिला सणसणीत राग आला. मग तिला हसू आलं. हसता हसता एक विचार डोक्यात चमकला आणि ती एकदम गंभीर झाली.

“तुमचं स्वतःचं सगळं आत आहे ना? दुसऱ्या कुणाचं नाही?”

“छ्या! काय बोलता, मॅडम!”

“आणि पाणी कोणतं घातलं? बोअरचं?”

सगळं या उत्तरावर होतं. तिथल्या बोअरचं पाणी इतकं मचूळ, की त्यात डाळ शिजायला दुपार होते. ते डब्यात गेलं असेल तर त्यातलं मीठ बायकांच्या नावावर चढलं असतं आणि खेळ खलास झाला असता.

द्वारकाबाईंना प्रश्नाचा अपमानच वाटला. “बोअरचं पाणी परक्याला देतं का कुणी? पाव्हण्यांसाठी फिल्टरचा जार घेतो, त्यातलं घातलं. थंडगार.”

सुलेखाने द्वारकाबाईंना घट्ट मिठी मारली. का मारली ते त्यांना कळलं नाही, पण त्यांनी मारू दिली.

रांगेच्या शेवटी केसरबाई होती. तिची पिशवी हलकी लागली. डबा उघडला तर तळाशी थोडंसं गडद पिवळं, रेघेच्या कितीतरी खाली.

“समद्या म्हनल्या, भर. म्या नाय भरला,” ती म्हणाली. “वावर सुटलं तरी पानी पेयाची सवय नाय लागली. माजं हाये तेवढं हाये. मोजायचं तर मोजा.”

सुलेखाने तो डबा इतरांबरोबर पेटीत ठेवला नाही. गाडीत स्वतःच्या पायांमध्ये धरून ती शहरात आली. सोबत जारच्या पाण्याची एक बाटलीही होती.

ऑफिसात पाहणीचे प्रमुख डॉक्टर इंद्रजीत यांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. नियमाचा पक्का होता, आणि पाहणीत तसा एक तरी माणूस लागतोच.

“भेसळ झालेले डबे घेता येणार नाहीत, सुलेखाताई.”

“सर, पातेल्यात मूठभर मीठ टाकलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं, तर मूठ कमी होते का? पातळ होईल, कमी नाही होणार. आपण अख्ख्या डब्यातलं एकूण मीठ मोजतो. डबा नीट ढवळायचा, संपलं.”

“आणि पाण्यात मीठ असेल तर?”

तिने बाटली पुढे केली. “फिल्टरचं आहे. तपासून घ्या. पाहुण्यांचं पाणी आहे सर, गावाने स्वतःला नाही घेतलं, आपल्याला दिलं.”

डॉक्टरांनी बाटली उजेडाकडे धरली. ते आधी गालात हसले, मग जरा मोकळं हसले. “बरं. पाणी तपासू. निर्मळ निघालं तर भरलेले डबे घेऊ, तशी स्पष्ट नोंद करून. पण हा,” त्यांनी केसरबाईच्या डब्याकडे बोट दाखवलं, “हा रेघेच्या खाली आहे. हा नाही.”

“क्रिएटिनिन बघा ना, सर.”

क्रिएटिनिन नावाचा एक पदार्थ माणसाचं अंग रोज जवळपास ठरल्या मापाने बाहेर टाकतं, पाणी जास्त प्या की कमी. तो पुरेसा निघाला तर लघवी पूर्ण जमवलेली आहे, मग ती वाटीभर का असेना. हे डॉक्टरांनाही ठाऊक होतं.

“नियमात आधी रेघ आहे, मग तपासणी. रेघेखालचा डबा तपासणीपर्यंत जातच नाही. आणि आणखी एक अडचण आहे. या गावातल्या बायका मागच्या खेपेला गळाल्या होत्या. आता त्या आल्या आणि त्यांचं मीठ पुरुषांहून जास्त निघालं, तर गावाचा आकडा आलेखावर एकदम उडी मारणार. देशभर मीठ कमी करायचं म्हणून एवढे प्रयत्न चाललेत. वरून विचारतील, पाच वर्षांत असं झालं तरी काय?”

“काही झालं नाही म्हणून सांगा,” सुलेखा म्हणाली. “मीठ तेवढंच होतं. मागच्या खेपेला आपण बायका ओतून दिल्या, एवढंच झालं.”

बाहेर कुणीतरी चहाचे कप गोळा करत होतं.

“भरलेले डबे पाणी घालून रेघेवर आले, ते घ्यायचे,” ती पुढे म्हणाली, आता आवाज नेहमीपेक्षा खाली होता. “आणि जिने एक थेंब मिसळला नाही, तिचाच टाकून द्यायचा. हे त्या बाईला सांगायला मी जाणार नाही, सर. तुम्ही चला.”

डॉक्टरांनी डबा हातात घेतला, फिरवून पाहिला, आणि त्यावर स्वतःच्या हाताने चिठ्ठी चिकटवली. “पाठवा. क्रिएटिनिन कमी आलं तर नाव मी स्वतः कापीन.”

“खुशाल कापा. येणारच नाही कमी.”

आलं नाही. निकालाचा कागद हातात पडला तेव्हा सुलेखाने पहिल्यांदा तोच आकडा शोधला. बाई लहानखुरी, तिच्या अंगाला शोभेल एवढं क्रिएटिनिन भरभक्कम निघालं होतं. थेंबसुद्धा बाहेर सांडला नव्हता. सुलेखाने टेबलावर अशी थाप मारली की शेजारच्या खोलीतून माणूस डोकावून गेला. पाणीही निर्मळ ठरलं होतं. गाव मोजलं गेलं, बायकांसकट. आणि गेल्या पाहणीतला गावाचा आकडा अपुरा होता, असा शेरा डॉक्टरांनी आपल्या सहीने वर पाठवला होता.

मग तिची नजर केसरबाईच्या मिठावर गेली आणि थाप मारलेला हात टेबलावर तसाच राहिला. दिवसाला एक सपाट चमचा पुरे म्हणतात. केसरबाईचं दुपटीच्या वर होतं. लकवा होऊन गेल्यानंतर, गोळ्या चालू असताना.

निकाल ज्याचा त्याला सांगायची रीत आहे. सुलेखा गेली तेव्हा केसरबाई ओट्यावर बसून एका हाताने शेंगा फोडत होती. सून अपेक्षा नुकतीच वावरातून आली होती, ओठ सुकलेले.

“मोजला, मावशी. तुमचा डबा गावात सगळ्यात खरा निघाला.”

केसरबाईच्या तोंडाची एक बाजू हसली. “अन् मीठ?”

“लई निघालं.”

“कसं निघंल? म्या सोडलंय मीठ. कालवणात कणभर टाकत नाय. इचारा हिला.”

“व्हय,” अपेक्षा म्हणाली. “आत्याबाईंचं येगळं काढते मी.”

“अन् भाकरीसंगं काय खाता?”

“अळणी कालवण घशाखाली उतरतं व्हय? ठेचा घेते. लोनच्याचा खार घेते जरासा.” बोलता बोलता केसरबाई थांबली. शेंग हातात तशीच राहिली. “त्येच का?”

“त्येच.”

ठेचा किती, खार कसा सोडायचा, गोळी कधी, पाणी किती, हे सुलेखाने सावकाश सांगितलं. केसरबाईने सगळं ऐकलं. मग तिने मान वर केली.

“मागच्या बारीला मोजला असता, तर हेच निघालं असतं?”

सुलेखाजवळ कोणत्याही प्रश्नाला उत्तर तयार असायचं. याही प्रश्नाला होतं. ‘सांगता येत नाही’ म्हटलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं. पण समोर बसलेल्या बाईने डब्यात एक थेंब पाणी घातलं नव्हतं.

“व्हय, मावशी. बहुतेक हेच निघालं असतं.”

केसरबाई आपल्या डाव्या हाताकडे बघत बसली. सुलेखाचे डोळे भरून आले आणि तिने ते लपवले नाहीत. अपेक्षाने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. कुणी तो उचलला नाही.

“तू किती पाणी पेलीस आज?” केसरबाईने अचानक सुनेला विचारलं.

अपेक्षाने मान खाली घातली. “वावरात कसं पेणार, आत्याबाई? जायचं कुटं मग?”

“उद्यापासनं कळशी भरून न्यायची. अन् दाबून धरायचं नाय.” केसरबाई भिंतीला धरून उठली. “जुनी साडी काढ पेटीतली, वावरात आडोशाला. एक टोक बाभळीला बांधू, दुसरं मी धरते. एक हात चांगला हाये माजा.”